राखायचं काय, टाकायचं काय

1898 साली महाराष्ट्रात दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. वाईला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि आताच्या दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन उभं राहिलं. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरची मोडी दफ्तरं वाळवीच्या तोंडातून सोडवत होते. रमाबाई विधवांना आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना सोडवत होत्या, आणि त्यातल्या कित्येकींना परंपरेच्याच तोंडातून. वारसा जपण्याविषयी आपण आज जे काही बोलतो ते या दोन कामांच्या मधल्या जागेत कुठेतरी उभं असतं.

रमाबाईंना परंपरा ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात त्यांनी भागवताचे हजारो श्लोक पाठ केले होते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ते त्या बळावर. एवढा ठेवा मुखोद्गत असलेली ही बाई त्यातलं काय पुढे न्यायचं आणि काय इथेच थांबवायचं, हे स्वतः ठरवत होती. केडगावी राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कळावं अशी त्याची भाषा ठेवली आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली बसवल्या. धर्मांतरामुळे मराठी समाजाने त्यांना आपल्या वारशाच्या यादीतून बराच काळ बाहेर ठेवलं. ती यादी किती कोती होती, एवढंच त्यातून दिसतं.

त्या काळी वारसा म्हणजे मुख्यतः राज्यकर्त्यांची कागदपत्रं, किल्ले आणि देवळं. 1904 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आला, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. काम मोलाचं होतं. पण ज्याच्या घरी ना दफ्तर, ना तटबंदी, त्याने मागे काय ठेवलं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नसे. एखादा दगड मात्र मालक बदलायचा. कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयाची खूण म्हणून उभारला. त्यावर कोरलेल्या नावांमध्ये महार सैनिकांची नावं होती. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले आणि तोच दगड निराळं बोलू लागला. इंग्रजांनी तो ज्यासाठी उभारला, त्यासाठी आज तिथे कुणीही जात नाही.

खरा उलटफेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला झाला. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची नावं. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास वसलेलं आणि 700 च्या सुमारास ओस पडलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. इथे राजवाडा नाही, नाणी नाहीत, लेख नाहीत. मिळाली ती शंभराहून जास्त घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, जळलेले जव, पुराचं पाणी अडवून कालव्याने शेताकडे नेण्याची सोय. घराच्याच जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं. मोठी माणसं पाय घोट्यापाशी तोडून पुरलेली. मेलेल्याने परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. मातीच्या डबीसोबत सापडलेली, शीर नसलेली देवी. शेवटच्या टप्प्यात ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस हटला, शेती मोडली आणि माणसं शिकारीकडे, गुरांकडे वळली, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुष्काळाने देशोधडीला लागणं शिरूर-दौंडला नवं नाही. इनामगावने त्याची नोंद तीन हजार वर्षं मागे नेली.

या गावाच्या वाटचालीत कुणीही प्रसिद्ध माणूस नाही. तरीही महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना आता कुणाला ते वगळता येत नाही. साध्या माणसाचं जगणं हाच जपण्याजोगा ठेवा, ही कल्पना इथे पहिल्यांदा सुचली असं नव्हे, पण मातीत हात घालून दाखवली गेली. आणखी एक. इनामगावच्या लोकांची वंशावळ कुणाकडेच नाही. आज याच तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यांत बाहेरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेले कामगार आहेत. त्यांची मुलं इथल्याच शाळांत शिकतात. इनामगावच्या चुलींवर त्या मुलांचा हक्क आपल्याइतकाच आहे. ‘पुढची पिढी’ म्हणताना आपण फक्त आपल्या नातवंडांकडे बघतो, ते बरं नाही.

मातीनंतर आवाजाची पाळी आली. साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे, सरोजिनी बाबर यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, छापल्या. पण गाणारीचं नाव सहसा मागे राहायचं. पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून जे काम उभारलं, त्यात ओवीबरोबर गाणारी कोण, कुठल्या गावची, हेही लिहिलं गेलं. लाखाच्या वर ओव्या जमल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्यासारख्या गावांतल्या बायकाही त्यात आहेत. सासरचा जाच, भावाची ओढ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं एका दळणात. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं, ओवीही थांबली. याबद्दल हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, बहुतेक पुरुषांचे. पहाटे उठून घरभराचं दळण ओढलेल्या एखाद्या आजीला जातं परत हवं का, विचारून पाहा.

इथे माझ्या मते सगळा गुंता सुटतो. नोंद ठेवणं वेगळं आणि चाल चालू ठेवणं वेगळं. पाय तोडून पुरायची चाल कुणी परत आणणार नाही, पण तिची नोंद अमोल आहे. जात्याचे कष्ट गेले ते चांगलंच झालं, ओवी मात्र राहायला हवी. युनेस्कोने 2003 मध्ये अमूर्त वारशाचा करार केला तेव्हा मानवी हक्कांशी जुळणाऱ्या परंपराच त्यात धरल्या, म्हणजे निवड तिथेही आहेच.

या भागात हा वाद सर्वांत तापला तो बैलगाडा शर्यतींवरून. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने, ही संस्कृती आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवावं, असं म्हणून शर्यतींना वाट देणारा राज्याचा सुधारित कायदा कायम ठेवला. शर्यतीमुळे खिलार बैल टिकतो, या गाडामालकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण ‘परंपरा आहे’ हे एकच उत्तर पुरत नाही. ते उत्तर विधवांच्या केशवपनालाही होतं. बैलाला टोचणी नको, काठी नको, हे नियम शर्यतीच्या घाटात खरोखर पाळले जात असतील तरच गाडे पळोत.

आणि काही गोष्टी जपाव्याच लागत नाहीत. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा गाव पिठलं-भाकरी करतं. त्यासाठी कुणी समिती नेमली नाही, ठराव केला नाही. उलट यवतहून थोडं पुढे चौफुल्याची संगीत बारी आहे. तिथल्या गाणाऱ्या बायकांची कला आपण सभासंमेलनांत ‘लोककला’ म्हणून मिरवतो आणि त्यांना मात्र शेजार द्यायला कचरतो. कला राखायची आणि कलावंत टाकायचा, ही निवड मात्र साफ चुकीची आहे.

इनामगावची भांडी आज पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. शिरूर आणि दौंडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की यंदाची सहल तिकडे न्या. परत आल्यावर मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा, मोबाइलवर त्यांची एकेक ओवी, एकेक हकीकत उतरवून घ्यायला सांगा, आणि खाली त्यांचं नाव नि गाव न विसरता लिहायला लावा.