काळ हे कारण आहे काय?

जगाच्या मूळ कारणाचा शोध घेताना श्वेताश्वतर उपनिषदाने जे पर्याय विचारार्थ मांडले, त्यांत काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावे येतात, आणि पहिले नाव काळाचे आहे. फळ पिकते, केस पांढरे होतात, माणूस जातो, ते सारे ‘वेळ आली’ म्हणून, असे आपण रोज बोलत असल्यामुळे या वादाला कोणी फारसा पुरावा मागत नाही.

तो मागायचा तर ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूला ग्रासणारा टी-७ हा विषाणू पाहावा. त्याचा डीएनए सुमारे ४०,००० अक्षरजोड्यांचा. तो नेहमी एकाच टोकाने जीवाणूत शिरतो, आणि प्रथम आत येतात त्या सुमारे ८५० जोड्या. पुढे जीवाणूचेच आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुकाबरहुकूम आरएनएची नक्कल उतरविणारे प्रथिन, त्या तुकड्याला भिडते आणि नक्कल करता करता उरलेला धागा आत ओढू लागते. यजमान शत्रूच्या फर्मानाची तामिली आपल्याच हाताने करतो. अगदी आरंभीच्या एका जनुकाचे प्रथिन, परका डीएनए कापणारी जीवाणूची संरक्षक विकरे निकामी करते. थोडे पुढचे जनुक विषाणूचे स्वतःचे, कितीतरी वेगवान पॉलिमरेज घडविते. मग यजमानाचे पॉलिमरेज बंद पाडले जाते. आणि कवच व शेपूट यांच्या जनुकांची पाळी सर्वांत शेवटी लागते. या कारभारात तास ठोकणारा पहारेकरी कोठेच नाही. जे टोकाजवळ ते आधी, जे दूर आणि पूर्वीच्या प्रथिनावर अवलंबून ते नंतर. विषाणूच्या त्या पॉलिमरेजच्या जनुकाची जागा प्रयोगशाळेत हलविली, की सारे वेळापत्रक बदलते.

वैशेषिक दर्शनाचा अनुयायी म्हणेल, धागा ओढला जाण्यालाही काळ लागतोच, आणि काळ हे सर्व कार्यांचे साधारण निमित्तकारण आहे, एवढेच आमचे म्हणणे. हे खोडून काढता येत नाही. परंतु जे कारण सर्वांना सारखेच, ते हे आधी आणि ते नंतर का, याचा उलगडा कसा करणार?

मग नियती? लॅम्ब्डा नावाच्या विषाणूत होलिन हे प्रथिन जीवाणूच्या आतील पटलात निमूटपणे साठत राहते आणि ठराविक प्रमाण गाठताच एकाएकी छिद्रे पाडते. जीवाणू लवकरच फुटतो. मृत्यूची घटका मुक्रर असावी तसाच हा प्रकार. तथापि या प्रथिनातील एखादेच अमिनो आम्ल बदलले असता ती घटका पुढे-मागे सरते, आणि एकाच भांड्यातले एकाच जातीचे जीवाणूही नेमके एकाच क्षणी फुटत नाहीत. म्हणजे नियतीच्या दप्तरात यदृच्छेची खाडाखोड आहेच. उपनिषद हे सर्व पर्याय अपुरे ठरवून देवात्मशक्तीकडे वळते. ते पाऊल ज्याला टाकायचे असेल त्याने खुशाल टाकावे. टी-७ची साक्ष मात्र त्यासाठी काढू नये, असे मला वाटते.