कोणत्या दिवसाची गाडी?

दरवर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला, समुद्राला लागून असलेल्या गोल्फच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एखादी ड्यूझेनबर्ग कन्व्हर्टिबल उभी असली की माणसं तिच्याभोवती घुटमळतात. लांबलचक बॉनेट, आरशासारखं क्रोम, मागे दुमडून ठेवलेला टप. वय नव्वदच्या घरात आणि अंगावर एक ओरखडा नाही. असे फोटो पाहिले की मला प्रश्न पडतो, हे वय नक्की कशाचं?

ड्यूझेनबर्गचं ‘मॉडेल जे’ १९२८च्या डिसेंबरात लोकांसमोर आलं. कंपनी मुख्यतः इंजिन आणि चासी विकायची, किंमत साडेआठ हजार डॉलर. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशेच्या आसपास मिळायची. बॉडी कोचबिल्डरकडून वेगळी बांधून घ्यायची: आत लाकडी सांगाडा, वर हातानं घडवलेला पत्रा. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी आपल्या ड्यूझेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करून घेतली होती. पण १९२९मध्ये अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि १९३७ला कंपनी संपली. तोवर ‘मॉडेल जे’ पाचशेसुद्धा निघाल्या नव्हत्या.

बॉडी वेगळी, चासी वेगळी म्हटल्यावर अदलाबदल आलीच. त्या काळातही जुनी गाडी पुन्हा विकताना तिच्यावर नवी बॉडी चढवली जायची. पुढे संग्राहक आले. त्यांना हवी होती उघडी गाडी. मग कित्येक बंद सेडानच्या बॉड्या उतरल्या आणि त्याच चासीवर कन्व्हर्टिबल चढली. आता मूळ चासी, मूळ इंजिन, मूळ बॉडी एकत्र आहेत का, याची कसून तपासणी होते, कारण त्यावर किमतीत मोठा फरक पडतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) मिलिंद महाविद्यालयाला ज्या राजाचं नाव आहे, त्याला भिक्खू नागसेनानं रथाबद्दल हेच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कुठे आहे? ‘रथ’ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव, एवढंच.

१९९०मध्ये लंडनच्या न्यायालयालाही याचं उत्तर द्यावं लागलं. ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली १९२९ आणि १९३०ची ल मान्स शर्यत जिंकलेली. तिच्या विक्रीचा करार झाला आणि मग खरेदीदार म्हणाला, ही ती गाडी नाहीच, हिच्यात मूळचं फारसं काही उरलेलं नाही. न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल दिला तो गाडीच्या बाजूनं. भाग बदलत गेले, पण गाडीचा प्रवास कुठे तुटला नाही. एका रात्रीत कोणी दुसरी गाडी आणून तिच्या जागी उभी केली नव्हती. म्हणून ती तीच.

मला हा निकाल पटतो. आणि तो पटला की रिस्टोरेशनचीच अडचण होते. गाडीची ओळख तिच्या अखंड प्रवासात असेल, तर रिस्टोरेशन नेमकं काय पुसतं? तो प्रवासच.

आम्ही कोड लिहितो तेव्हा प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, कधी, कशासाठी. हे सगळे बदल गुंडाळून एकच नीटनेटकी कमिट करता येते. दिसायला छान दिसतं. पण सहा महिन्यांनी ‘ही विचित्र ओळ इथे का आहे?’ याचं उत्तर मिळत नाही. चकचकीत ड्यूझेनबर्ग मला तशी वाटते. तिच्या आयुष्यातला एकच दिवस निवडलाय, शोरूममधून बाहेर पडली तो. बाकीची वर्षं डिलीट.

त्या वर्षांत काय होतं? मंदी होती, युद्ध होतं. पेट्रोल पिणारी ही धुडं तेव्हा कोणाला नको होती, काहीशे डॉलरला मिळायची. पैसा बेताचा असलेल्या कोणीतरी ती घेतली, हाताला लागेल तो पार्ट बसवला, जमेल तो रंग मारला आणि भंगारात जाऊ दिली नाही. आज लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठळक नाव असतं ते पहिल्या मालकाचं. २०१८मध्ये एक ड्यूझेनबर्ग २ कोटी २० लाख डॉलरला गेली. ती नट गॅरी कूपरची होती. तिला किंमत नसताना जपणाऱ्याचं जोडकाम मात्र रिस्टोरेशनमध्ये सगळ्यात आधी खरवडलं जातं, कारण ते ‘ओरिजिनल’ नसतं.

याला उलट बाजू आहे आणि ती हलकी नाही. गंज म्हणजे इतिहास नव्हे. कुजलेला लाकडी सांगाडा तसाच ठेवला तर काही वर्षांनी ना गाडी राहील ना आठवण. शिवाय पत्रा हातानं वळवण्याची, चामडं शिवण्याची कला रिस्टोरेशनमुळेच टिकली आहे. न चालणारी गाडी ही अर्धीच गाडी, हेही मला मान्य आहे.

म्हणून माझा आक्षेप दुरुस्तीला नाही, दुरुस्ती झालीच नाही असं भासवण्याला आहे. संग्राहकांतही हा विचार रुजतोय. पेबल बीचचा सर्वोच्च मान २०२४मध्ये पहिल्यांदाच रिस्टोअर न केलेल्या, जपलेल्या गाडीला मिळाला. ती होती १९३४ची बुगाटी टाइप ५९, जुन्या विटक्या रंगासकट.

रिस्टोअर करणाऱ्याला म्हणूनच एवढंच सांगावंसं वाटतं: कुजलेलं बदल, इंजिन चालू कर, पण काय काढलंस त्याची नोंद ठेव. ‘इथे कोणीतरी ट्रकचा पार्ट बसवला होता’ ही ओळही त्या फाइलमध्ये असू दे. त्या माणसाचं नाव कोणाला माहीत नसेल. पण तो नसता, तर त्या हिरवळीवर आज ही गाडी उभीच नसती.