नामाचा खाना आणि नामाचं वागणं

इंग्रजीच्या तासाला आपल्यापैकी बहुतेकांनी नामाचे पाच प्रकार घोकलेले असतात : प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. गंगा पहिल्या खान्यात, नदी दुसऱ्यात, सैन्य तिसऱ्यात, सोनं चौथ्यात, प्रामाणिकपणा पाचव्यात. पाचांपैकी पाच गुण. आणि तेच गुण मिळवलेला मुलगा पुढे नोकरीच्या अर्जात बिनदिक्कत ‘इन्फर्मेशन्स’ लिहितो.

त्या पोराला कशाला हसायचं? त्याला शिकवलेली वर्गवारी वस्तू कशी आहे एवढंच सांगते, शब्द वाक्यात कसा वागतो ते बहुतांशी गुलदस्त्यातच ठेवते. सोनं हा धातू आहे हे कळायला व्याकरण लागत नाही. ‘गोल्ड’ला ‘मेनी’ चालत नाही, ‘मच’ लागतं, हे मात्र व्याकरणानेच सांगायला हवं. ‘फर्निचर’ तर डोळ्यांदेखत मोजता येतं, चार खुर्च्या नि एक टेबल. तरी इंग्रजी त्या शब्दाचं अनेकवचन होऊ देत नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये मोजता येणारी आणि न येणारी नामं यांतला भेद मांडला. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या कोशात नामांपुढे तशा खुणाच घातल्या. परक्या भाषेच्या विद्यार्थ्याचं नेमकं कुठे अडतं, हे त्यांना रोज वर्गात दिसत होतं.

बरं, खाना तरी कायमचा असतो का? ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, आधी ‘अ‍ॅन’ आला की कपड्यांची इस्त्री. ‘चिकन’ ताटातलं, ‘अ चिकन’ अंगणातली. ‘इंडिया’ हे तर चोख प्रॉपर नाम. पण क्रिकेटचा समालोचक सर्रास ‘इंडिया आर’ म्हणतो, कारण त्याच्यासमोर अकरा जण खेळत असतात. देशाबद्दलच्या बातमीत त्याच शब्दापुढे ‘इज’ येतं. ‘टीम’ला ब्रिटनमध्ये दोन्ही वचनं चालतात, अमेरिकेत सहसा एकवचनच.

वर्गवारी टिकते तीही वाक्यात तिला काम असेल तोवरच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखी तीन लिंगं होती. ‘वाइफ’ ज्या शब्दापासून आला, तो चक्क नपुंसकलिंगी होता! (मराठीतल्या ‘मूल’ आणि ‘पोर’ यांची सवय असलेल्या आपल्याला त्याचं फार नवल वाटू नये.) पुढे प्रत्यय झिजले, लिंगानुसार विशेषणं बदलेनाशी झाली. त्या वर्गवारीला वाक्यात काही काम उरलं नाही आणि ती गेली. मोजता येणं-न येणं हा भेद मात्र आजही ‘अ’पासून ‘मच’पर्यंत पावलोपावली काम करतो.

पाच प्रकार अभ्यासक्रमातून काढून टाका असं माझं म्हणणं नाही. प्रॉपर नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं, एवढं तरी त्यातून कळतं. पण शिक्षकांनी त्या पाच गुणांतले चार ‘फर्निचर’, ‘न्यूज’, ‘हेअर’, ‘अ‍ॅडव्हाइस’ हे शब्द वापरून वाक्यं लिहायला ठेवावेत आणि प्रकार ओळखायला एकच गुण द्यावा.