उदकदान आणि उदकाचा अधिकार

मनुष्याने मनुष्याशी कसे वागावे याविषयी निरनिराळ्या धर्मांची वचने एकत्र मांडली, तर त्यांत विरोध फारसा आढळत नाही. आपणांस जे दुःखद वाटते ते दुसऱ्यास करू नये, भुकेल्यास अन्न द्यावे, तहानेल्यास पाणी द्यावे, आर्तास आश्रय द्यावा, हे वैदिकांनी सांगितले, बौद्धांनी व जैनांनी सांगितले, ख्रिस्ती व इस्लामी ग्रंथांनीही सांगितले. अशा वचनांचे संग्रह करून सर्व धर्मांची शिकवण एकच आहे असा निष्कर्ष काढण्याची प्रथा पडलेली आहे. संग्रह उपयुक्त आहेत. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कारण वचनातील 'दुसरा' म्हणजे नेमका कोण, हे वचन ठरवीत नाही, आचार ठरवितो. आणि आचार वचनसंग्रहात उतरलेला नसतो. तो पाहावयाचा तर पाणवठ्यावर जावे लागते. महाराष्ट्रात ज्या पाणवठ्यावर तो अत्यंत स्पष्ट दिसला, तो महाडचे चवदार तळे होय.

महाड हे सावित्रीकाठचे जुने बाजाराचे गाव, पूर्वीच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ च्या ऑगस्टमध्ये संमत झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला. तळे होते तसेच बंद राहिले. पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक रांगेने तळ्यावर जाऊन पाणी प्याले. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही या परिषदेच्या उभारणीतील ठळक नावे.

पाणी पिऊन लोक मंडपात परतले, तोच हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई गावात उठली. जमाव चालून आला. जेवणाचे अन्न मातीत मिळाले, परत गावी निघालेल्यांना वाटेत गाठून मारहाण झाली. प्रतिकार करण्याचे बळ परिषदेस आलेल्यांत होते, त्यांत पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ होते. परंतु आंबेडकरांनी त्यांना आवरले. नंतर स्पृश्यांनी तळ्याची शुद्धी केली. १०८ घागरी पाणी काढून त्यांत गाईचे शेण, गोमूत्र, दूध व दही मिसळले आणि मंत्रोच्चारात त्या घागरी तळ्यात रिकाम्या केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

येथे विचारी वाचकाने थांबावे. हे करणारे लोक अधार्मिक नव्हते. ते व्रते पाळणारे, वाटसरूस पाणी पाजणे हे पुण्य मानणारे लोक होते. चैत्र-वैशाखात पाणपोई घालावी, उदककुंभाचे दान करावे, हे त्यांच्या धर्मात होते आणि ते ते करीत असत. मग ज्या धर्मात पाणी देणे हे पुण्य, त्याच धर्मात पाणी घेणे हा अपराध कसा झाला?

शास्त्राने पाणी विटाळते असे सांगितले होते म्हणून, असे उत्तर कोणी देईल. तेही पुरते नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणी, गाईची तहान भागेल इतके भूमीवर साचलेले व वर्ण-गंध-रस न बिघडलेले पाणी शुद्धच मानले आहे. याज्ञवल्क्याचे मतही हेच. तळे तर शेकडो गाईंची तहान भागवील एवढे होते. अर्थात पाण्याचा नियम पाहता चवदार तळ्यास विटाळ संभवतच नव्हता. परंतु त्याच स्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, त्याची भांडी टाकाऊ समजावीत, असा दुसरा नियम आहे. पहिला नियम वस्तूविषयी, दुसरा मनुष्याविषयी. आणि जेथे दोहोंचा विरोध आला तेथे महाडच्या शास्त्रनिष्ठांनी दुसरा उचलला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाच्या आधारे तळे बंद ठेवावयाचे, त्याच ग्रंथात ते शुद्ध ठरविणारे वचनही होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, पक्ष्यांना नव्हता, मुसलमानांना नव्हता. म्हणजे धर्माबाहेरचा मनुष्य तळ्यावर येऊ शके. धर्मातला, त्याच देवास हात जोडणारा, येऊ शकत नसे. आणि त्यानेच उद्या धर्म टाकला तर त्याचा स्पर्श निर्दोष ठरण्याचा मार्ग मोकळा. परक्याशी कसे वागावे हे अनेक धर्मांनी सांगितले आहे आणि त्यावरच धर्मांची तुलना करण्याची रीत आहे. परंतु धर्माची खरी परीक्षा परक्यापाशी होत नाही. परका येतो आणि जातो. त्याच्याशी उदारपणे वागणे स्वस्त असते. ज्यास आपलाच म्हणून धरून ठेवले आणि तरीही पायरीखाली ठेवले, त्याच्यापाशी परीक्षा होते.

पूर्वपक्षी म्हणेल: हा दोष आचाराचा, दयेचा उपदेश पुरेसा झाला नाही एवढेच, दया वाढवा म्हणजे भेद आपोआप गळेल. हा पक्ष दुर्बल नाही. महाराष्ट्रातील सर्वांत आवडत्या संतकथांपैकी एक त्याच्या बाजूची आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या गंगेच्या कावडीतील पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. या कथेचा गौरव कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि तीत एक गोष्ट आहे: गाढव स्वतः कावडीपाशी आलेले नाही. पाणी देणारा उभा आहे, पिणारा पडलेला आहे. दया येथे अशीच असते. ती वरून खाली येते, आणि ती जितकी मोठी तितका देणारा मोठा होतो. पाणपोईवरही अस्पृश्यास पाणी मिळे, पण दुरून, वेळूच्या नळीतून ओंजळीत सोडलेले. दान घडले, तहान भागली, पुण्य जमा झाले, आणि अंतर इंचभरही कमी झाले नाही.

म्हणून दया वाढविली की भेद गळतो हा सिद्धान्त टिकत नाही. दया आणि भेद ही दोन्ही एकाच घरात शतकानुशतके सुखाने नांदलेली आहेत. महाडास मागणी दयेची नव्हतीच. चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आम्ही अमर होणार नाही, आजवर त्यावाचून मेलोही नव्हतो, आम्ही इतरांसारखी माणसे आहोत हे ठरविण्यासाठी तळ्यावर जावयाचे आहे, अशा आशयाचे भाषण आंबेडकरांनी डिसेंबरच्या परिषदेत केले. तहान हे कारण असते तर स्वतंत्र विहीर पुरली असती, आणि तशा विहिरी खोदून देण्यास कित्येक सज्जन तयारही होते. त्याआधी १८६८ मध्ये पुण्यास जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला, तेव्हा दान आणि हा व्यवहार यांतील भेद प्रथम दिसला. हौदावर ज्याने त्याने आपल्या हाताने भरावयाचे होते. देणारा बाजूस झाला.

अधिकार मागणाऱ्यासही एक कसोटी लागू होते, व ती महाडात लागली. ब्राह्मणांना या चळवळीत घेणार नसाल तर आम्ही साहाय्य करू, असे जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचे म्हणणे होते. आंबेडकरांनी ती अट नाकारली. आपला विरोध जन्माने ब्राह्मण असणाऱ्याशी नसून उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, ही त्यांची भूमिका होती. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मणच होते. ज्यांना जन्मावरून दूर केले त्यांनी, हातात संधी असता, जन्मावरून कोणास दूर केले नाही. धर्मवचनांच्या कोणत्याही संग्रहात ही घटना आढळणार नाही. पण वर्तनाचा धडा म्हणून ती त्यांत असावयास हवी होती.

आता अन्य धर्मांकडे पाहावे. दिव्यावदानातील शार्दूलकर्णाच्या कथेत बुद्धशिष्य आनंद पाणवठ्यावर एका मातंगकन्येजवळ पाणी मागतो. ती आपली जात सांगून मागे सरते, तेव्हा आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे तो म्हणतो. रवींद्रनाथांनी १९३३ साली लिहिलेली 'चंडालिका' याच कथेवर उभी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर येशू एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो; यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, म्हणून तिलाही नवल वाटते. दोन दूरच्या देशांतील या कथांत एक विलक्षण साम्य आहे. थोर पुरुष पाणी देत नाही, मागतो. ज्याच्या हातचे घेऊ नये त्याच्याच पुढे हात पसरतो. देण्याने जे अंतर तुटत नाही ते घेण्याने तुटते, हे त्या कथाकारांनी ओळखले होते. इस्लामी परंपरा तिसऱ्या बाजूने जाते. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत असे प्रेषितांचे वचन तीत सांगितले जाते. म्हणजे तेथे देणाराही नाही आणि मागणाराही नाही, वाटेकरी आहेत. चवदार तळ्याच्या प्रश्नास हे वचन सर्वांत जवळचे.

वचनाकडून पुन्हा आचाराकडे यावे. महाडात मार खाणाऱ्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेस हिंदूंनी जागा दिली नाही, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. हे सत्य आहे. आणि १९३४ साली आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यातील दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असता, दाराजवळच्या टाक्यावर धुळीने भरलेले हातपाय धुतल्याबद्दल तेथील मुसलमानांनी, रमजानच्या महिन्यात, टाके बाटविले म्हणून त्यांना घेरले. अखेर कोठेही पाण्यास शिवणार नाही या अटीवर, बरोबर शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना आत सोडले. हेही सत्य आहे, आणि आंबेडकरांनी स्वतः ते लिहून ठेवले आहे. तो किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. ख्रिस्ती समाजातही दक्षिणेत कित्येक ठिकाणी चर्चमधील बसण्याच्या जागा व दफनभूमी जातवार वेगळ्या राहिल्या. विहिरीवरची कथा दर वर्षी वाचली जात होतीच. या देशात धर्म बदलले, विहिरीचा काठ तोच राहिला.

तळ्याचा कज्जा न्यायालयात गेला होता. स्पृश्यांनी १९२७ च्या डिसेंबरात लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला; पाणी प्याल्यास दहा वर्षे होण्यास तीन दिवस उणे होते. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी कालापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. निकाल न्याय्य होता, परंतु त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. रूढी पुरेशी जुनी ठरती तर? जुनेपणा हा पुराव्याच्या कायद्यातील प्रश्न आहे. अन्याय जुना असल्याने धर्म होत नाही, हे म्हणण्याचे काम धर्मपीठांचे होते आणि ते त्यांनी केले नाही. २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख नावाने आहे. रूढी जुनी की नवी हा प्रश्न तेथे उरलेला नाही.

कायदा तळ्यापर्यंत पोहोचतो. घरातील माठापर्यंत पोहोचत नाही. तेथपर्यंत पोहोचण्याची सोय महानुभाव संप्रदायात आरंभापासून आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी भिक्षा चारी वर्णांत करावयास सांगितली. हा नियम साधारणतः रसनाजयाच्या आणि अभिमानत्यागाच्या प्रकरणात शिकविला जातो, व ते योग्यच आहे. परंतु आनंदाची व शोमरोनी स्त्रीची कथा समोर ठेवली म्हणजे त्याचा दुसरा अर्थ उघड होतो: भिक्षूचा हात सर्वांच्या हाताखाली आहे, आणि ज्याच्या घरचे अन्न घेतले त्यास हीन म्हणण्याची वाट त्याने आपल्यापुरती बंद केलेली आहे. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात अंत्यजांच्या घरी जात. पाण्यावाचून त्यांचे हाल होत असता त्यांनी त्यांची पाण्याची सोय केली, ही लीळा भाविकांस परिचित आहे. वेगळ्या पाण्याची सोय करणारा स्वतः दूर राहिला तर ती सोय भेद पक्का करते. येथे सोय करणारा त्याच अंगणात वावरत होता.

वासनिकांकडे हा नियम उतरला की नाही, हे पाहणे राहते. वासनिकांच्या सोयरिका बहुशः जातीतच जुळत आल्या आहेत. भिक्षूच्या झोळीत चार घरांचे अन्न एकत्र होते. त्या झोळीत वाढणाऱ्या चार घरांचे एकमेकांकडे जाणेयेणे, जेवणेखाणे, पाणी घेणे कितपत आहे, हे ज्या त्या गावच्या उपदेशी मंडळींस ठाऊक आहे.