‘त्रादेरे’ : सोपवणे आणि दगा देणे

लॅटिनमधील ‘त्रादेरे’ हे क्रियापद ‘त्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘दारे’ म्हणजे देणे यांच्या संयोगातून सिद्ध झाले आहे. हातातील वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याचा मूळ अर्थ. रोमन कायद्यात ताबा देऊन केलेल्या हस्तांतरणास ‘त्रादितिओ’ म्हणत; देणाऱ्याजवळ असलेल्या हक्काहून अधिक हक्क घेणाऱ्यास त्यातून मिळत नसे. ज्ञान वा आख्यान पुढील पिढीस सोपवणे आणि नगर वा माणूस शत्रूच्या स्वाधीन करणे, हे दोन्ही अर्थ अभिजात लॅटिनमध्येच रूढ होते. इंग्रजीतील ‘ट्रॅडिशन’ आणि ‘ट्रीझन’ ही त्याच मुळाची अपत्ये. दुसरे फ्रेंचच्या वाटेने आलेले. (अनुवादकास दगाबाज ठरवणाऱ्या प्रसिद्ध इटालियन कोटीतील ‘अनुवादक’ मात्र वेगळ्या क्रियापदातून आला आहे. तिथे साम्य केवळ ध्वनीचे.)

लॅटिन बायबलमध्ये हे द्वैत अस्वस्थ करणारे आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपण सोपवलेल्या शिकवणीचा आणि येशू धरून दिला गेला त्या रात्रीचा उल्लेख एकाच वाक्यात करतो. दोन्ही ठिकाणी क्रियापद हेच. मूळ ग्रीकमध्येही तसेच आहे. यहूदाची कृती आणि प्रेषिताची कृती यांत भाषा भेद करीत नाही.

हा भेद करण्याची वेळ उत्तर आफ्रिकेत आली. इ.स. ३०३ मध्ये डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले त्यांना ‘त्रादितोर’ म्हटले गेले. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने आपण पवित्र ग्रंथ हलवून पाखंडी पुस्तके तेवढी मागे ठेवली, असे सांगितले. ती जप्त झाली. मग त्याने हवाली केले ते काय? ग्रंथ वाचला, पण शरणागतीचा देखावा झालाच. आणि कठोर पंथीयांच्या दृष्टीने देखावा हीच कृती होती. त्यांची भूमिका निर्दय वाटली तरी पोकळ म्हणता येत नाही. त्यांतूनच डोनॅटस-पंथ उभा राहिला : ज्याने ग्रंथ दिला त्याच्या हातून मिळालेली दीक्षाही व्यर्थ. ३१४ च्या आर्ल परिषदेने अशा धर्मगुरूंस पदच्युत करण्याचे ठरवले, परंतु त्यांनी दिलेली दीक्षा वैध मानली.

संस्कृतमधील ‘संप्रदाय’ या शब्दातही ‘दारे’शी सजातीय असलेला ‘दा’ धातू आहे. ‘परंपरा’ या शब्दात मात्र देणारा दिसत नाही, केवळ एकामागून एक असा क्रम दिसतो. समीक्षेत हा दुसरा शब्द रुळला, हे सोयीचेच झाले. एलियटने १९१९ च्या निबंधात परंपरा वारशाने मिळत नाही, ती श्रमाने मिळवावी लागते, असे प्रतिपादन केले. तिथेही सारा भार घेणाऱ्यावर आहे. ती कोणी, कोणाच्या धाकाने आणि काय मागे ठेवून पुढे केली, हा कार्थेजमधील प्रश्न त्या निबंधाच्या चौकटीत उद्भवतच नाही.