डोंगर गेला, कासव आले

दिवाळीच्या तोंडावर एक संदेश मोबाइलवरून हमखास फिरतो. चिनी बेडूक घरातून हलवा, लाफिंग बुद्धा हलवा आणि त्यांच्या जागी आपली कामधेनू ठेवा, सात घोड्यांचे चित्र लावा. २०२० सालच्या गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर तर या आवाहनाला राष्ट्रकार्याचे तेज चढले. चिनी मालाचे कंटेनर ज्या न्हावा-शेव्याला उतरतात ते बंदर पनवेलच्या शेजारीच, त्यामुळे बहिष्काराची हाक इथे अधिकच गमतीदार वाटते. तोंडात नाणे धरलेल्या तीन पायांच्या बेडकाचे तोंड घराच्या आत हवे, असे फेंगशुईवाला सांगतो. घोडेही आतच धावताना दिसले पाहिजेत, असे वास्तुवाला सांगतो. दोघांचीही लक्ष्मी एकाच दिशेने चालते, बाहेरून आत. प्राण्याचे पारपत्र तेवढे बदलले.

यावर विवेकवाद्याचे उत्तर तयार असते: दोन्ही थोतांड, विषय संपला. उत्तर खोटे नाही. पितळी बेडकामुळे बँकेतली शिल्लक वाढत नाही, हे सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालायला नकोत. पण त्यात एक आळस आहे. दुकानातला बेडूक म्हणजेच चिनी परंपरा, हे स्वदेशीवाला आणि विवेकवादी दोघेही धरून चालतात. एक तिला परकी म्हणून फेकतो, दुसरा खुळी म्हणून. ती परंपरा मुळात काय म्हणत होती, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

बेडकाचेच पाहा. जुन्या चिनी चित्रांत त्याच्याबरोबर बहुधा ल्यू हाय असतो. विस्कटलेल्या केसांचा, हसरा, हाती नाण्यांची माळ घेतलेला. हा दहाव्या शतकातला, यान राज्याचा मंत्री, असे आख्यायिका सांगते. त्याच्याकडे एक ताओपंथी साधू आला. त्याने दहा अंडी आणि दहा नाणी मागवली आणि ती एकावर एक रचू लागला. मंत्री घाबरून म्हणाला, हे फार धोक्याचे आहे. साधू म्हणाला, तुमच्या पदाइतके नाही. मंत्र्याने पद सोडले, संपत्ती वाटून टाकली आणि तो साधूंच्या वाटेला लागला. नाण्यांची माळ सोडून विहिरीतला बेडूक वर काढल्याची गोष्ट लोककथेने त्याला जोडली. बेडकाला पैशाचा मोह, म्हणून तो माळेला भुलतो. म्हणजे या जोडीत लोभी आहे तो बेडूक, आणि त्याला दोरीवर खेळवतो तो पैसा सोडून आलेला माणूस. बाजाराने माणूस गाळला, लोभी प्राणी ठेवला आणि दिवाणखान्यात त्याची प्रतिष्ठापना केली. तुकोबांनी इंद्रायणीत बुडवलेली कर्जखते वर काढून, 'तिजोरीत ठेवा, वसुली होते' म्हणून विकावीत, तशातलाच हा प्रकार. ल्यू हायला वगळून बेडूक विकणाऱ्याने चिनी परंपरेची जेवढी विटंबना केली आहे, तेवढी बहिष्कारवाल्यांनाही कधी जमणार नाही.

धनासाठी घरात मांडल्या जाणाऱ्या कासवाची गत याहून वाईट. आपल्या देवळात सभामंडपातल्या फरशीवर दगडी कासव असते. इंद्रिये आत ओढून घेणाऱ्याला गीतेने त्याचीच उपमा दिली. ते कासव धन ओढत नाही. चिनी कासवाचे काम वेगळे. ग्वो फू (२७६–३२४) या पंडिताच्या नावावर दफनभूमीच्या निवडीबद्दलचा एक ग्रंथ आहे, फेंगशुईचा आधारग्रंथ म्हणावा असा. त्या परंपरेतले चार प्राणी मूर्ती नव्हेतच, ती भूरूपे आहेत. पाठीशी उंच डोंगर म्हणजे काळे कासव, डावीकडची रांग हिरवा-निळा ड्रॅगन, उजवीकडची पांढरा वाघ, समोरचे मोकळे मैदान तांबडा पक्षी. पाठीमागच्या डोंगराने वारा अडावा, समोर पाणी थांबावे. इथे विवेकवाद्यालाही क्षणभर थांबावे लागते, कारण यातला काही भाग तपासून पाहता येतो. उत्तर चीनमध्ये हिवाळ्याचे बोचरे वारे उत्तरेकडून येतात, म्हणून कासव उत्तरेला. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. तेव्हा इथे दिशा जशीच्या तशी उचलणे मूर्खपणाचे. पण डोंगर कुठे, पाणी कुठे, हे आधी पाहा आणि मग घर बांधा, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही.

आता हा प्रश्न पनवेलला विचारून पाहू. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, तिच्यातून उतरणारी गाढी नदी, पश्चिमेला खाडी, गावात वडाळे, कृष्णाळे, देवाळे हे तलाव. ग्वो फूला दाखवावे असे गाव! आणि आपण काय केले? ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर सुरुंग लावून उतरवला, उलवे नदीचे पात्र वळवले, खाजण भरून काढले. मग त्या भरावाच्या आसपासच्या सदनिकांत ताटलीभर पाण्यात बोटभर कासव मांडले. डोंगराएवढे कासव फोडून त्याची भरणी करायची, आणि तलावाएवढे पाणी ताटलीत आणायचे. एवढा शुद्ध व्यवहार फेंगशुईच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. म्हणजे ग्रंथ प्रमाण मानून विमानतळ थांबवायचे? शिवाय तो ग्रंथ पूर्वजांच्या कबरीबद्दल आहे. हाडे चांगल्या जागी पुरली की वंशजांना समृद्धी, असा हिशेब तिथेही आहेच. लोभ मुळातच होता, हे मान्य करावे लागते. अडवणुकीचे उदाहरणही आहे: चीनमधला पहिला रेल्वेमार्ग, वूसोंगचा, १८७६ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सरकारने तो विकत घेऊन उखडला. तिथल्या विरोधात फेंगशुईची भाषाही होती. पण 'ड्रॅगनची नस कापली जाते' असे म्हणणाऱ्याच्या मनात अनेकदा जमीन, कबर आणि परक्यांचा शिरकाव असे. ती तक्रार त्याला प्राण्याच्या भाषेत मांडता येत होती. पनवेल-उरणच्या शेतकऱ्याला अशा प्राण्याची गरज पडली नाही. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई परिसरात रस्त्यावर उतरला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व आले. या पट्ट्यात जी सुबत्ता दिसते, तिच्यातला मोठा वाटा या भूखंडांचा. त्या घरातल्या फळीवर नाणे चघळणारा बेडूक दिसला की प्रश्न श्रद्धेचा उरत नाही, श्रेयाचा होतो.

राहिला कायदा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत वास्तुशास्त्राचा उल्लेख नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र जानेवारी २०२१मध्ये, अलौकिक शक्तीचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या जाहिराती या कायद्यात बसतात, असे ठरवले. त्या न्यायाने बेडूकवाला अडचणीत यावा. 'वास्तुशास्त्रानुसार' सदनिका विकणारा मात्र निसटेल. तो चमत्काराचे बोलत नाही, फक्त शयनगृहाची दिशा सांगतो. ती तो बोटभरही चुकू देत नाही. इमारतीमागे डोंगर आहे की खदान, खाली मूळ जमीन आहे की भराव, हे त्याच्या माहितीपत्रकात नसते. बहिष्कारवाल्यांच्या अंगात खरोखरच रग असेल तर त्यांनी बुकिंगच्या आधी विक्रेत्याकडे जागेचा नकाशा मागावा आणि २६ जुलै २००५च्या महापुरात गाढीचे पाणी कुठवर चढले होते, ती रेघ त्यावर ओढून घ्यावी.