आधी मजकूर, मग यंत्र

लॅपटॉप बिघडला की दोन वेगळ्या गोष्टी धोक्यात येतात : पैसे देऊन पुन्हा घेता येणारे यंत्र आणि कुठल्याच दुकानात न मिळणारा त्यातला मजकूर. चर्चा मात्र यंत्राच्या खर्चाचीच होते. दुरुस्तीला किती लागतील, त्यात थोडे घालून नवा येईल का, असा हिशेब सुरू होतो आणि फायलींची आठवण मदरबोर्ड बदलून झाल्यावर होते. हा क्रम उलटा हवा.

बरेचसे नुकसान घाईच्या उपायांनी होते. कीबोर्डवर चहा सांडल्यावर ओलाव्याइतकीच वीजही घातक ठरते. यंत्र बंद केले तरी बॅटरी बोर्डला जोडलेलीच राहते आणि ओल्या बोर्डवर तांब्याच्या रेषांना हिरवट गंज चढू लागतो. म्हणून चार्जर काढणे, पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करणे, ते पालथे घालणे आणि जमत असेल तर मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवणे ही कामे लगेच करायची असतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय निरुपयोगी आहे. दूध-साखरेचा चिकट थर तांदूळ शोषत नाही; तो बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने काढावा लागतो. ‘चालू होतो का बघू’ म्हणून मध्येच बटण दाबले, तर वाचू शकणारा बोर्डही जातो.

पडलेल्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिचा आवाज ऐकावा. तिच्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ठरावीक लयीत टकटक ऐकू आली, तर हेडला इजा झाली असण्याची दाट शक्यता असते. अशी डिस्क पुन्हा चालू केली की तबकडीवर ओरखडे पडू शकतात. ती धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी. आवाज नाही पण डिस्क वाचताना अडखळते, अशा वेळी एकेक फाइल उघडत बसू नये. डीडीरेस्क्यूसारख्या मोफत प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची प्रत उतरवून त्या प्रतीवर काम करावे. मदरबोर्ड गेला आणि डिस्क धडधाकट असेल, तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवली की फायली दुसऱ्या संगणकावर दिसतात.

हा सोपा मार्ग आता अनेक यंत्रांत उरलेला नाही. मॅकबुक प्रोमध्ये टच बार असलेल्या 2016 च्या मॉडेलपासून ॲपलने एसएसडी मदरबोर्डवरच सोल्डर केली. 2018 मध्ये त्यात आलेल्या टी2 चिपनंतर मजकूर त्या चिपशी बांधलेल्या किल्लीने एन्क्रिप्ट होतो. बोर्ड मेला, तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. विंडोजमध्ये बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू असेल, तर काढलेली डिस्क 48 अंकी रिकव्हरी की मागते. चोरीपासून संरक्षण म्हणून एन्क्रिप्शन योग्यच आहे. ती की मात्र आधीच कागदावर उतरवून ठेवावी. सोल्डर करण्याचे समर्थन करणे कठीण आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. एसएसडी काढता येणे हाही दुरुस्तीच्या हक्काचा भाग मानायला हवा.

मराठी मजकुराची अडचण आणखी वेगळी आहे. श्रीलिपी, आकृती या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके आणि अंक फाइल सुखरूप असूनही ते फॉन्ट नसलेल्या नव्या यंत्रावर अगम्य अक्षरांत उघडतात. फायलींबरोबर फॉन्ट, असल्यास त्या सॉफ्टवेअरचे डाँगल आणि एक पीडीएफ जपावी. शक्य तितका मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

मजकूर हाती आला की यंत्राचा निर्णय सोपा होतो. बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी, स्क्रीन यांसाठी दुरुस्तीच बरी. बोर्डवर गंज पसरला असेल, तर चिप-लेव्हल काम करणाऱ्या कारागिराकडून अंदाज घ्यावा. फुगलेली बॅटरी वापरणे ताबडतोब थांबवावे. यंत्र दुकानात देताना जॉब शीटवर डेटाबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते तेव्हा जुनी बहुधा कंपनीकडे राहते. तिच्यात खासगी कागदपत्रे असतील, तर ती परत मिळेल का, हे आधीच विचारावे. भंगारात देण्यापूर्वी हार्ड डिस्कला नुसते क्विक फॉरमॅट पुरत नाही, तिच्यावर पूर्ण ओव्हरराइट करावे लागते. एसएसडीसाठी सिक्युअर इरेजची आज्ञा वापरतात.